एका वेळी एकच ओळ!

फर्स्ट इयरपासून आपण प्रोग्रॅम चालवतो तो एकाच पद्धतीने. आधी सगळा लिहायचा, मग कंपाइल करायचा, एरर आल्या की शेजारच्याच्या स्क्रीनवर नजर टाकायची, आणि एकदाचं आउटपुट आलं की प्रिंट काढून जर्नलला चिकटवायची. फिबोनाची सिरीज, मॅट्रिक्सचा गुणाकार, लिंक्ड लिस्ट... या सगळ्यांचं उत्तर काय येणार हे आपल्याला आधीच ठाऊक असतं. मॅन्युअलमध्ये छापलेलंच असतं! त्यामुळे मधल्या ओळींत काय चाललंय याच्याशी आपलं फारसं देणंघेणं नसतं.

पण समजा, उत्तर कोणालाच माहीत नाही. सरांना नाही, मॅन्युअललाही नाही. हातात नुसती एक मोठ्ठी फाईल आहे आणि तिच्या पोटात काय आहे ते बघायचंय. अशा वेळी शंभर ओळींचा प्रोग्रॅम लिहून एकदम 'रन' म्हणायचं आणि शेवटी जो आकडा पडेल तो खरा मानायचा, हे मला तरी धाडसाचं वाटतं. स्टॅटिस्टिक्सवाली मंडळी म्हणूनच वेगळ्या रीतीने काम करतात. एक ओळ लिहायची, तेवढीच चालवायची, उत्तर बघायचं, आणि ते बघून पुढची ओळ काय असावी हे ठरवायचं. याला इंटरॅक्टिव्ह पद्धत म्हणतात. मराठीत याला काय म्हणावं म्हणून शोधलं (कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे मला असे शब्द शोधावेच लागतात) तर 'संवादी' असा शब्द मिळाला. मला तो मूळ शब्दापेक्षाही आवडला. कारण ही पद्धत खरंच आकड्यांशी गप्पा मारण्यासारखी आहे. आपण विचारायचं, त्यांनी सांगायचं.

आज हे फार साधं वाटतं, पण पूर्वी अशी सोय नव्हती. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हा अजस्र कॉम्प्युटर बसवला गेला. त्या काळात प्रोग्रॅम म्हणजे पंच केलेल्या कार्डांचा गठ्ठा. एका कार्डावर एक ओळ, जास्तीत जास्त ८० अक्षरांची. गठ्ठा काउंटरवर द्यायचा, आपला नंबर लागेपर्यंत थांबायचं, आणि छापील कागद परत घ्यायला यायचं. एका कार्डावर स्वल्पविराम चुकला असेल तर कागदावर फक्त एरर! मग नवं कार्ड, पुन्हा गठ्ठा, पुन्हा रांग. याला 'बॅच' पद्धत म्हणत. मध्येच थांबून 'जरा हा आकडा बघू' असं म्हणायची सोयच नव्हती.

हीच अडचण अमेरिकेतल्या बेल लॅब्जमधल्या संख्याशास्त्रज्ञांना सतावत होती. साधा आलेख काढायचा तरी फोरट्रानमध्ये प्रोग्रॅम लिहा. म्हणून १९७६ मध्ये जॉन चेंबर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'एस' नावाची भाषा बनवायला घेतली. तिच्यात ओळ टाइप केली की लगेच उत्तर. पुढे न्यूझीलंडमध्ये ऑकलंड विद्यापीठातल्या रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन या दोघांनी तिच्यासारखीच भाषा स्वतः लिहिली. दोघांच्याही नावाचं पहिलं अक्षर आर, आणि इंग्रजी बाराखडीत एसच्या आधी आर, म्हणून नाव ठेवलं 'आर'. १९९५ मध्ये ती सर्वांसाठी मोफत खुली केली, आणि तिची १.० आवृत्ती आली २९ फेब्रुवारी २००० या दिवशी. (वाढदिवस चार वर्षांतून एकदाच!) आपल्याकडे पुणे विद्यापीठातल्या पुरोहित, गोरे आणि देशमुख या प्राध्यापकांनी २००८ साली आरवर खास विद्यार्थ्यांसाठी 'स्टॅटिस्टिक्स यूझिंग आर' हे पुस्तक लिहिलं.

आता प्रत्यक्ष काम कसं चालतं ते बघू. आर सुरू केलं की एक कन्सोल उघडतो. त्यात एक बाणासारखं चिन्ह लुकलुकत असतं, म्हणजे 'बोला!' तिथे ओळ टाइप करून एंटर दाबलं की आर ती वाचतं, तिचा हिशेब करतं, उत्तर छापतं आणि पुन्हा बाण दाखवून थांबतं. एवढंच. पण थेट कन्सोलमध्ये टाइप करण्यात एक गोची आहे. खिडकी बंद केली की काय-काय विचारलं होतं ते सगळं हवेत. म्हणून ओळी लिहायच्या त्या टेक्स्ट एडिटरमध्ये, एका साध्या फाईलमध्ये, आणि तिथून एकेक ओळ कन्सोलकडे पाठवायची. स्क्रीनचे दोन भाग : डावीकडे फाईल, उजवीकडे आर. कर्सर ज्या ओळीवर असेल तिथे की दाबली की ती ओळ उजवीकडे जाते, उत्तर येतं, आणि कर्सर आपोआप खालच्या ओळीवर उतरतो. फाईल सेव्ह केली की सगळे प्रश्न क्रमाने जपून राहतात.

एडिटरला स्टॅटिस्टिक्समधलं ओ की ठो कळत नाही बरं का. तो फक्त पोस्टमन. तुम्ही स्वतः टाइप केल्यासारखा मजकूर तो आरच्या दारात टाकतो. त्यामुळे ही युक्ती कुठल्याही एडिटरला शिकवता येते. जुनी मंडळी ईमॅक्समध्ये ईएसएस वापरतात; त्याचं पूर्ण नाव 'ईमॅक्स स्पीक्स स्टॅटिस्टिक्स'. तिथे कंट्रोल-सी आणि मग कंट्रोल-एन दाबलं की ओळ जाते आणि कर्सर पुढे सरकतो. विमवाल्यांसाठी प्लगइन आहेत. विंडोजवर आरबरोबर जो साधा एडिटर येतो त्यात कंट्रोल-आर. टिन-आर नावाचा एक एडिटर आहे, त्यातल्या टिनचा फुलफॉर्म 'धिस इज नॉट नोटपॅड' असा आहे! आणि २०११ मध्ये आलेला आरस्टुडिओ तर आज बहुतेक जण वापरतात, तिथे कंट्रोल-एंटर. नवीन असाल तर सरळ तोच घ्या. ईमॅक्स चांगला की विम, या वादात पडलात तर सेमिस्टर संपेल, वाद संपणार नाही.

दुसरा मोठा फायदा म्हणजे स्मरणशक्ती. एकदा फाईल वाचून आत घेतली की ती आरच्या मेमरीत बसून राहते. मोठी फाईल वाचायला दोन मिनिटं लागत असतील तर ती एकदाच लागतात. नंतरचे पन्नास प्रश्न चुटकीसरशी.

आता उदाहरण. आरबरोबर सरावासाठी काही खरे डेटासेट मोफत येतात. त्यातला एक आहे 'एअरक्वालिटी' : न्यूयॉर्कची हवा, मे ते सप्टेंबर १९७३. एकूण १५३ दिवस, आणि प्रत्येक दिवसाचे ओझोन, सूर्यप्रकाश, वारा, तापमान असे रकाने. आपल्याला हवी आहे ओझोनची सरासरी. सरासरीचं फंक्शन 'मीन'. ओळ लिहिली, कंट्रोल-एंटर दाबलं. उत्तर आलं : एनए.

म्हणजे 'नॉट अव्हेलेबल', उपलब्ध नाही. ज्या दिवशी मोजमाप झालंच नाही तिथे आर शून्य लिहीत नाही, एनए लिहितं. आणि या एनएचा स्वभाव संसर्गजन्य आहे. पाच अधिक 'माहीत नाही' बरोबर किती? माहीत नाही! १५३ पैकी एक जरी आकडा गायब असला तरी सरासरी एनए. हे सुरुवातीला चीड आणणारं असलं तरी मला विचारांती अगदी प्रामाणिक वाटतं. (गंमत म्हणजे एनएचा शून्यावा घात विचारलात तर आर बिनधास्त १ सांगतं, कारण आकडा कुठलाही असो, उत्तर १च येणार. किती काटेकोर!)

यावर सगळेजण जो तोडगा सांगतात तो असा : मीनला सांगायचं की एनए काढून टाक. त्यासाठी एक छोटा पर्याय आहे, 'एनए-डॉट-आरएम'. तो खरा केला की उत्तर येतं ४२.१३. झालं काम! प्रिंट काढा, जर्नलला चिकटवा.

पण आपण एकेक ओळ चालवतोय ना? मग अजून एक चालवू : एनए किती आहेत ते मोज. उत्तर ३७. म्हणजे १५३ पैकी ११६ दिवसांचीच ही सरासरी. अजून एक ओळ : कुठल्या महिन्यात किती एनए? मे ५, जून २१, जुलै ५, ऑगस्ट ५, सप्टेंबर १.

जून एकवीस! तीस दिवसांच्या महिन्यात फक्त नऊ दिवस मोजमाप झालंय. आता महिनावार सरासऱ्या काढल्या तर क्रमाने २३.६२, २९.४४, ५९.१२, ५९.९६ आणि ३१.४५ अशा येतात. छापलेल्या तक्त्यात जूनचा २९.४४ हा आकडा बाकीच्यांच्या मांडीला मांडी लावून बसतो. त्याच्या पाठीशी नऊच दिवस आहेत हे त्याच्या चेहऱ्यावर कुठेही लिहिलेलं नसतं. त्यातून सरासरी कुठल्या फंक्शनने काढली यावरही गंमत आहे. 'टी-ॲप्लाय'ने काढलीत तर पाचही महिन्यांपुढे एनए येतं, कारण प्रत्येक महिन्यात एकतरी दिवस गायब आहे. म्हणजे निदान आपण दचकतो. पण 'ॲग्रिगेट' हे फंक्शन फॉर्म्युला देऊन वापरलं तर ते गायब दिवस गुपचूप गाळून टाकतं आणि स्वच्छ पाच आकडे हातात ठेवतं. वॉर्निंग नाही, काही नाही.

शितावरून भाताची परीक्षा करावी हे खरं, पण शितं कुठल्या भांड्यातली आहेत हे तरी बघायला नको का? अख्खा प्रोग्रॅम एकदम चालवणं म्हणजे कल्याणहून फास्ट लोकल पकडणं. ठाण्याला लवकर पोचतो, पण मधलं कोपर, मुंब्रा, कळवा खिडकीबाहेरून नुसतंच सर्रकन जातं. स्लो लोकल प्रत्येक ठिकाणी थांबते. कंटाळा येतो, पण कुठल्या फलाटावर गर्दी आहे आणि कुठला रिकामा आहे ते दिसतं.

न्यूयॉर्कच्या पन्नास वर्षांपूर्वीच्या हवेचं आपल्याला काय, असं कोणी म्हणेल. मला या विषयात रस आहे त्याचं कारण घरचं आहे. मी डोंबिवलीची. आमच्या भागात काही रात्री असा वास येतो की आजी उठून सगळ्या खिडक्या लावून घेते, आणि धाकट्या भावाचं नेब्युलायझर कपाटावरून खाली येतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातल्या औद्योगिक भागांना गुण देऊन जी यादी केली, तिच्यात 'अतिप्रदूषित' म्हणून ४३ ठिकाणं निघाली. महाराष्ट्रातली पाच : चंद्रपूर, औरंगाबाद, नवी मुंबई, तारापूर आणि आमचं डोंबिवली. साहित्य, संगीत, पाडव्याची शोभायात्रा यासाठी नाव असलेलं आमचं गाव त्या यादीतही होतं.

हवा मोजणारी स्वयंचलित यंत्रं आता ठिकठिकाणी बसली आहेत. कल्याणचं खडकपाडा हे त्यातलंच एक केंद्र. त्यांचे तासातासाचे आकडे कोणालाही उतरवून घेता येतात. म्हणजे २४ गुणिले ३६५, वर्षाला ८७६० ओळी. कागदावर! प्रत्यक्षात त्या ओळींत काय-काय सापडतं ते एकेक ओळ चालवल्याशिवाय कळत नाही.

पहिली ओळ : फाईल वाच. दुसरी ओळ : रचना दाखव ('एसटीआर' नावाचं छोटंसं फंक्शन आहे, माझ्या मते आरमधलं सगळ्यात उपयोगी). त्यात दिसतं की धूलिकणांचा रकाना आकड्यांचा नाहीच, तो अक्षरांचा आहे! असं का? कारण मोजमाप नसलेल्या तासांपुढे 'नन' असा इंग्रजी शब्द लिहिलेला असतो. रकान्यात एक जरी शब्द असला तरी आर अख्खा रकाना मजकूर समजतं. आता त्याचे आकडे करायचे. नव्या आरमध्ये हे सोपं आहे, शब्दांच्या जागी एनए येतं आणि एक वॉर्निंगही मिळते. पण २०२० च्या एप्रिलमध्ये ४.० आवृत्ती येईपर्यंत आर अशा रकान्याला परस्पर 'फॅक्टर' करून टाकत असे, म्हणजे प्रत्येक वेगळ्या मजकुराला एक क्रमांक. त्या रकान्याचे थेट आकडे करायला गेलं की मूळ मोजमापाऐवजी हे क्रमांक हातात येत. १, ७, ४३, ११२... दिसायला अगदी खऱ्या धूलिकणांसारखे! एरर नाही, वॉर्निंग नाही. पहिले सहा आकडे मूळ फाईलशी ताडून बघितले तरच पकडता येणार. जुन्या सीनियर्सचे कोड तुमच्याकडे असतील तर हे जरूर तपासा.

तारखांचंही तसंच. आपण दिवस-महिना-वर्ष असं लिहितो. आरची अपेक्षा वर्ष-महिना-दिवस. '०५-०६-२०२३' ही तारीख काहीही न सांगता आरला दिली तर ते एरर देत नाही. ते पहिल्या ०५ ला वर्ष मानतं, ०६ ला महिना, आणि २०२३ मधल्या पहिल्या दोन अंकांना दिवस. उत्तर : इसवी सन ५, जून महिना, तारीख २०! शालिवाहन शक सुरू व्हायच्याही आधीची डोंबिवलीची हवा! आणि अशा फाईलमध्ये प्रत्येक तारीख कुठल्या ना कुठल्या महिन्याची २० तारीखच निघते. एक ओळ चालवून पहिल्या सहा तारखा बघितल्या की हसू येतं आणि काम वाचतं. न बघता पुढे गेलात तर महिनावार सरासरीत हे लक्षातही येणार नाही, कारण महिना बरोबरच असतो.

मग येतो खरा प्रश्न, जूनच्या नऊ दिवसांसारखाच. समजा एका दिवशी २४ पैकी फक्त सहा तास मोजमाप झालंय, आणि तेही दुपारचे. दुपारी ऊन असतं, वारा असतो, धूळ वर जाऊन पसरते. थंडीच्या रात्री हवा खाली दाबलेली राहते. मग सहा दुपारच्या तासांची सरासरी म्हणजे त्या दिवसाची सरासरी का? आपल्या राष्ट्रीय हवा निर्देशांकाच्या नियमातच सांगितलंय की २४ तासांच्या सरासरीसाठी किमान १६ तासांचे आकडे हवेत. हा नियम 'एनए-डॉट-आरएम'ला माहीत नसतो. तो एका तासाची सरासरीही आनंदाने काढून देईल. म्हणून आधी एक ओळ : दर दिवशी किती तास हजर? ती चालवून बघायची. मग दुसरी ओळ : सोळापेक्षा कमी असलेले दिवस बाजूला ठेव. मग तिसरी : उरलेल्यांची सरासरी. आणि चौथी, जी बहुतेक जण लिहीत नाहीत : बाजूला ठेवलेले दिवस कुठल्या महिन्यातले आहेत? ते सगळे थंडीतले निघाले, तर वर्षाची सरासरी हवा आहे त्यापेक्षा चांगली दाखवणार. २.५ मायक्रॉनच्या धूलिकणांसाठी आपलं वार्षिक मानक आहे घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेलं फक्त ५. सरासरी ३८ आली की 'मानकाच्या आत', ४३ आली की 'मानकाबाहेर'. हे पाच मायक्रोग्रॅम गायब तासांत सहज लपू शकतात.

आजी अधूनमधून विचारते, 'काय गं, कळलं का तुझ्या कॉम्प्युटरला वास कुठून येतो ते?' तिला सांगते की आजी, धूलिकणांच्या रकान्याला वास येत नाही. वासाचे वायू वेगळे, ते मोजणारे रकाने वेगळे, आणि वारा कुठून होता तो आणखी एक रकाना. तिला हे उत्तर आवडत नाही. पण फाईलमध्ये जे नाही ते फाईलकडून कसं वदवून घेणार?

इतकं कौतुक केल्यावर या पद्धतीचा दुर्गुणही सांगते, कारण तो मोठा आहे. आरची स्मरणशक्ती हा फायदा आहे म्हटलं ना, तोच तोटाही. एअरक्वालिटीमधलं तापमान फॅरनहाइटमध्ये आहे, सरासरी ७७.८८. ते सेल्सिअस करायची ओळ लिहिली : ३२ वजा करा, पाचने गुणा, नऊने भागा, आणि उत्तर त्याच रकान्यात परत ठेवा. चालवली, सरासरी २५.४९. छान. आता चहा पिऊन आलात आणि तीच ओळ चुकून पुन्हा चालवलीत. आर बिचारं आज्ञाधारक, २५.४९ लाच पुन्हा सेल्सिअस करतं. सरासरी उणे ३.६! न्यूयॉर्कच्या उन्हाळ्यात बर्फ! इथे आकडा इतका विचित्र आहे म्हणून कळतं. फरक थोडासाच पडला असता तर? आणि डावीकडच्या फाईलमध्ये चूक शोधायला गेलात तर ती सापडणारच नाही, कारण तिथे ओळ एकदाच आहे. चूक फाईलमध्ये नाही, चालवण्याच्या क्रमात आहे, आणि क्रम कुठेच लिहिलेला नाही. म्हणून रूपांतर नेहमी नव्या रकान्यात ठेवायचं, म्हणजे ती ओळ दहादा चालवली तरी उत्तर तेच.

तसंच, वरची एक ओळ बदलली पण पुन्हा चालवली नाही, किंवा जिथे व्हेरिएबल बनवलं ती ओळ खोडून टाकली पण व्हेरिएबल मेमरीत जिवंत आहे, असे प्रकार रोज होतात. तुमच्या मशीनवर सगळं चालतं, मित्राच्या मशीनवर 'ऑब्जेक्ट सापडत नाही'. यावर इलाज एकच : ओळीओळीने काम झालं की आर पूर्ण बंद करून नव्याने सुरू करायचं (आरस्टुडिओत कंट्रोल-शिफ्ट-एफ१०) आणि फाईल वरपासून खालपर्यंत एकदा सलग चालवायची. तेच उत्तर आलं तर ठीक. शिवाय सेटिंगमध्ये जाऊन, बंद करताना मेमरी साठवणं आणि सुरू करताना ती परत आणणं, दोन्ही बंद करा. अनेक जण फाईलच्या पहिल्याच ओळीत 'सगळी व्हेरिएबल्स पुसून टाक' अशी आज्ञा लिहितात. ते पुरेसं नाही. व्हेरिएबल्स जातात, पण आधी उघडलेली पॅकेजेस आणि बदललेली सेटिंग्ज तशीच राहतात. जेनी ब्रायन नावाच्या आरमधल्या प्रसिद्ध बाईंनी तर २०१७ मध्ये जाहीरच करून टाकलं की अशी ओळ लिहिणाऱ्याच्या ऑफिसात येऊन मी त्याचा कॉम्प्युटर पेटवून देईन!

कोणी म्हणेल, एवढी कटकट कशाला, एक्सेल आहे की. एक्सेलमध्येही तिथल्या तिथे उत्तर दिसतं, पण प्रश्न दिसत नाही, तो खान्याच्या आत लपलेला असतो. दोन नामवंत अर्थशास्त्रज्ञांनी, कारमेन रेनहार्ट आणि केनेथ रोगॉफ यांनी, २०१० मध्ये एक निबंध लिहिला. देशाचं कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांवर गेलं की वाढीचा सरासरी दर उणे ०.१ टक्का होतो, असा त्यातला एक आकडा होता. युरोपात खर्चकपातीच्या बाजूने तो खूप वापरला गेला. २०१३ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने क्लासच्या असाइनमेंटसाठी तो हिशेब पुन्हा करून बघितला. जमेना. शेवटी मूळ फाईल मागवली, तर सरासरीच्या सूत्रात २० पैकी शेवटचे पाच देश निवडलेलेच नव्हते! त्याच्या जोडीला काही वर्षं गाळली होती आणि देशांना वजन देण्याची पद्धतही वादग्रस्त होती (खरा मोठा फरक त्यांनीच पडला होता). सगळं दुरुस्त केल्यावर दर आला अधिक २.२ टक्के. असाइनमेंट असावी तर अशी!

सुरुवात करणाऱ्यांना छळणाऱ्या काही किरकोळ गोष्टीही सांगून टाकते. कंस उघडा राहिला तर कन्सोलमध्ये बाणाऐवजी अधिकचं चिन्ह येतं आणि आर ढिम्म बसून राहतं. ते हँग झालेलं नसतं, तुमचं वाक्य पूर्ण व्हायची वाट बघत असतं. एस्केप दाबा. फंक्शनच्या आतला 'इफ' आणि पुढच्या ओळीवरचा 'एल्स' फंक्शन चालवताना ठीक चालतात, पण त्याच ओळी सुट्या पाठवल्या तर एल्सवर एरर येते. कारण इफचा कंस बंद झाला तिथेच वाक्य संपलं असं आर समजतं, मग हा एल्स कोणाचा? आणि एक : नुसतं व्हेरिएबलचं नाव लिहून ओळ चालवली की उत्तर छापून येतं, पण तीच फाईल 'सोर्स' केली तर काहीच छापत नाही. तिथे 'प्रिंट' स्पष्ट लिहावं लागतं. आलेख गायब झाला म्हणून घाबरू नका, बहुधा हेच कारण असतं.

शिकायला खर्च शून्य. आर मोफत, आरस्टुडिओची साधी आवृत्ती मोफत. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पात आरवरची छोट्या-छोट्या व्हिडिओंची मालिका आहे. पवईला बनलेली आहे, त्यामुळे उदाहरणं समजायला अमेरिकेत जावं लागत नाही. ती बघताना मात्र व्हिडिओ थांबवून प्रत्येक ओळ स्वतः टाइप करा, कॉपी-पेस्ट नको.

मी लिहिलेली आरची फाईल, म्हणजे एअरक्वालिटीचा सगळा खेळ आणि तासांची हजेरी मोजायच्या त्या चार ओळी, ज्यांना हवी असेल त्यांनी शुक्रवारी शेवटच्या लेक्चरनंतर लायब्ररीत गाठा. पेनड्राइव्ह आपापला आणायचा, आणि कृपया व्हायरस स्कॅन करून आणायचा.